सोनं शोधणाऱ्यांच्या जुन्या वस्तू : ओळख, संग्रह आणि हकीकत



हर्णे बंदरात उभं राहून सोन्यावर बोलायचं म्हटलं की पहिल्यांदा म्हण आठवते ती 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा'. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, इकडे किनाऱ्यावर कनकदुर्ग. एका गावाला सोन्याची दोन नावं, आणि दोन्ही किल्ल्यांचे दगड फोडले तरी गुंजभर सोनं निघायचं नाही. आज आपण बोलणार आहोत ते मात्र खऱ्या सोन्याच्या शोधाबद्दल. त्यातही सोन्याबद्दल कमी आणि ते शोधणाऱ्या माणसांच्या हत्यारांबद्दल, भांड्यांबद्दल, कागदांबद्दल जास्त.

सोनं शोधणाऱ्यांच्या जुन्या वस्तू जमवणं हा जगात मोठा छंद आहे. कॅलिफोर्नियात जानेवारी १८४८ मध्ये सोनं सापडलं, ऑस्ट्रेलियात १८५१ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत विटवॉटर्सरँडला १८८६ मध्ये, कॅनडात क्लोंडाइकला १८९६ मध्ये. त्या धावपळीत वापरलेली पत्र्याची तसराळी, कुदळी, दिवे, तराजू, कंपन्यांचे शेअर हे सगळं आज हजारो लोक जमवतात. आपल्याकडेही ही आवड आता येऊ लागली आहे. 'केजीएफ' चित्रपटानंतर कोलारचं नाव घरोघर पोचलं, आणि 'कोलारच्या खाणीतली जुनी वस्तू' म्हणून काय काय विकायला येऊ लागलं ते बाजारात फिरणाऱ्याला माहीत आहे.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकायला सोपं जाईल. सोनं शोधणाऱ्याची वस्तू तिच्या हकीकतीसकट जमवली तरच ती जमवली असं म्हणायचं. हकीकत तुटली की हातात उरतं ते जळाऊ लाकूड, नाहीतर मोडीचं पितळ.

कोकणात सोनं का नाही

महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्टचा आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले, त्यांचा हा काळा पाषाण झाला. ऊन-पावसानं कुजून त्याच्या माथ्यावर तयार झाला तो आपला जांभा. सोन्याच्या शिरा सापडतात त्या याहून कितीतरी जुन्या खडकांत, बहुधा गारेच्या पट्ट्यांत. ते जुने खडक आपल्याकडे लाव्हाखाली गाडले गेले आहेत. लाव्हाची ही चादर जिथे संपते तिथे ते उघडे पडतात. दक्षिणेला धारवाड, गदग, रायचूर आणि आणखी खाली कोलार. पूर्वेला नागपूर-भंडाऱ्याचा पट्टा आणि पलीकडे बालाघाट. नकाशावर बोट फिरवून बघा. मराठी मुलखाचं सोनं आहे ते काठाकाठानं आहे, आणि सोनं शोधणारी माणसंही त्याच काठांवर राहिली.

मग हर्णे, मुरुड, कर्दे या किनाऱ्यांवर भरती ओसरल्यावर वाळूत काळ्या रेघा दिसतात, त्या कसल्या? एका ताटात थोडी वाळू आणि पाणी घ्या, हलकेच गोल हलवा आणि वरचं पाणी सांडत राहा. पांढरी, हलकी वाळू निघून जाईल आणि तळाला काळा, जड थर उरेल. त्यातला काही भाग लोहचुंबकाला चिकटतो. ही लोखंडाची आणि टायटॅनियमची खनिजं. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरचं इल्मेनाइट भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत नोंदलेलं आहे. पण गंमत अशी की सोनं धुणारा माणूसही आधी ही काळी रेघच शोधतो. सोनं पाण्याच्या १९ पट जड, त्यामुळे नदीत ते या जड काळ्या वाळूबरोबरच बसतं. म्हणजे हर्ण्याच्या किनाऱ्यावर तुम्हाला सोनं मिळणार नाही, पण सोनं धुण्याची सगळी विद्या दहा मिनिटांत हाताला कळेल. पुढे जी भांडी आपण बघणार आहोत ती कशासाठी घडवली, हे समजायला ताटातला हा प्रयोग पुरे आहे.

आठवण कोणाची उरते

याच सुवर्णदुर्गाची एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण तिचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्सनं 'प्रोटेक्टर' जहाजावरून तोफा डागून हा किल्ला तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. पेशव्यांचं आरमार त्याच्या सोबतीला होतं आणि किल्ला पुढे पेशव्यांकडे गेला. जेम्स विलायतेला परतला, ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्ष झाला. तो वारल्यावर त्याच्या पत्नीनं १७८४ मध्ये लंडनजवळ शूटर्स हिलवर त्याच्या स्मरणार्थ तीन कोपऱ्यांचा बुरूज बांधला. त्याचं नाव 'सेव्हर्नड्रूग कॅसल', म्हणजे इंग्रजी जिभेवरचा आपला सुवर्णदुर्गच. तो बुरूज आजही उभा आहे.

आता बघा, तटावर तोफांखाली उभे राहिलेल्या हर्ण्याच्या माणसांची अशी एखादी वस्तू कुठे जपलेली आहे का? ज्याच्या गाठीला पैसा असतो त्याची आठवण दगडात कोरली जाते. बाकीच्यांची आठवण त्यांच्या हातातल्या साध्या वस्तूंत असते, आणि त्या वस्तू कोणी जपत नाही. सोन्याच्या शोधातही अगदी हेच झालं. कंपन्यांनी मागे सुंदर नक्षीचे कागद ठेवले. नदीत कंबरेइतक्या पाण्यात उभं राहून वाळू धुणाऱ्यांनी मागे ठेवली ती लाकडाची भांडी, आणि ती चुलीत गेली.

आपले सोनं शोधणारे

आधी दक्षिणेकडचे पाहू. आजच्या गदग जिल्ह्यातला कप्पतगुड्डचा डोंगर पूर्वी मुंबई इलाख्याच्या धारवाड जिल्ह्यात होता. पावसाळ्यानंतर तिथल्या ओढ्यांची वाळू धुऊन सोन्याचे कण काढणाऱ्यांना 'जालगार' म्हणत. १८८४ च्या धारवाड गॅझेटिअरमध्ये त्यांची माहिती आहे. भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७४ मध्ये याच डंबळच्या डोंगरांतल्या सोन्याच्या खडकांवर लिहिलं आणि १८७६ मध्ये दक्षिण मराठा मुलखाच्या भूरचनेवर त्यांचा ग्रंथ आला. शास्त्रज्ञ येण्याआधी पिढ्यान् पिढ्या जालगारांना कोणत्या ओढ्यात कण लागतात ते पाठ होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज कंपन्यांनी त्या भागात खाणी खणल्या आणि काही वर्षांत गुंडाळल्या. तिकडे रायचूर जिल्ह्यातल्या हुट्टीला तर प्राचीन खाणकामाच्या शेकडो फूट खोल खुणा सापडल्या, आणि तिथली खाण आजही चालू आहे.

पूर्वेकडे सोनझारी. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या ग्रंथात नदीची वाळू धुऊन सोनं काढणाऱ्या सोनझारांवर स्वतंत्र टिपण आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत गोंड या नोंदीखाली 'सोनझारी झरेका' हे नाव आजही वाचायला मिळतं. नावातच धंदा आहे: सोनं झारणारे. दिवसभर पाण्यात राबून भाताच्या कोंड्याएवढे कण मिळायचे, तेही नशिबात असले तर.

तिसरे शहरातले. यांची खाण म्हणजे सोनाराचं दुकान. सोनार कानस चालवतो, तार ओढतो, झाळतो, तेव्हा बारीक कण जमिनीवर, चटईत, राखेत पडतात. ती राख आणि केर विकत घेऊन त्यातून सोनं काढणारे ते झारेकरी. जुन्या गॅझेटिअरांत त्यांची नोंद आहे. मुंबईच्या झवेरी बाजारात गल्लीतली धूळ आणि गटारातला गाळ घमेल्यात धुणाऱ्यांना लोक घमेलावालेच म्हणतात. पद्धत तीच: केर जाळायचा, राख धुवायची, जड भाग तळाला बसवायचा, त्यात पारा फिरवायचा. पारा सोनं धरून ठेवतो. मग तापवून पारा उडवायचा आणि उरलेलं सोनं मुशीत वितळवायचं.

चौथे, ज्यांचं नाव या संदर्भात फार कमी घेतलं जातं, ते गलाईवाले. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात देशभर गेली. केरळपासून बंगालपर्यंतच्या सराफ बाजारात गलाईचं दुकान दिसलं तर आत कोणीतरी मराठी बोलणारा असण्याची शक्यता मोठी. जमिनीतलं सोनं यांनी शोधलं नाही, पण जुन्या दागिन्यातलं, केरातलं, राखेतलं सोनं शोधून काढलं. आमच्या मते हेही सोनं शोधणारेच.

आणि पाचव्या त्या कंपन्या. कोलारला मायकेल लावेलनं १८७३ मध्ये परवाना मागितला, १८८० मध्ये जॉन टेलरची कंपनी आली, १९०२ मध्ये शिवनसमुद्रहून वीज आली. खाण तीन किलोमीटरहून खोल गेली आणि २८ फेब्रुवारी २००१ ला बंद झाली. त्याच १८८० च्या सुमाराला वायनाडच्या सोन्यासाठी लंडनमध्ये कंपन्यांचं पेव फुटलं. थोड्याच वर्षांत त्या बुडाल्या. सोनं हाती आलं नाही, शेअरचे कागद मात्र उरले.

ओळखायचं कसं : चार कसोट्या

'सोनं पाहावं कसून, माणूस पाहावं बसून' असं आपल्याकडे म्हणतात. जुनी वस्तू या दोन्ही रीतींनी पाहावी लागते: आधी कसून, मग ती ज्याच्याकडून आली त्याच्यापाशी बसून.

पहिली कसोटी जन्मतारखेची. वस्तू ज्या काळातली म्हणून सांगतात त्या काळात ती जन्मलेली तरी होती का? कार्बाइडचा दिवा घ्या. कॅल्शियम कार्बाइड व्यापारी प्रमाणात बनू लागलं ते १८९२ नंतर, आणि खाणकामगारांच्या टोपीवर ते दिवे आले विसावं शतक उजाडताना. तेव्हा '१८४९ च्या कॅलिफोर्नियातला कार्बाइडचा दिवा' कोणी दाखवला तर हात जोडावेत. रिव्हेट मारलेल्या जाड निळ्या विजारींचं पेटंट २० मे १८७३ चं. म्हणजे १८४९ च्या खाणकामगाराच्या अंगावर ती असू शकत नाही.

आपल्याकडे ही कसोटी वजनांना फार छान लागते. ८ गुंजांचा मासा आणि १२ माशांचा तोळा. १८३३ पासून इंग्रजी अमलात तोळा १८० ग्रेनचा ठरला, म्हणजे ११.६६ ग्रॅम. आजचा सराफ बोलताना तोळा म्हणतो तो १० ग्रॅमचा. म्हणून 'पेशवाईतलं तोळ्याचं वजन' म्हणून हातात दिलेलं पितळ काट्यावर ठेवा. भरलं बरोबर १०, तर ते दशमान पद्धतीनंतरचं. दशमान वजनं आपल्याकडे १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आली आणि १९६२ पर्यंत सक्तीची झाली. भरलं ११.६६ च्या आसपास, तर इंग्रजी अमलातलं असू शकतं. दोन्हीपेक्षा वेगळं भरलं तर घाईनं फेकू नका. १८३३ पूर्वी ठिकठिकाणचे तोळे वेगळे होते.

दुसरी कसोटी झिजेची. खरं हत्यार कामाच्या जागी झिजतं. कुदळीचं टोक झिजतं, दांड्यावर हात धरायची जागा गुळगुळीत होते. नव्या वस्तूला तेजाब लावून, मातीत पुरून गंज चढवतात, तो सगळीकडे सारखा असतो. जिथे कोणाचा हात कधी पोचणार नाही तिथेही झीज आणि जिथे हात पडायलाच हवा तिथे कोरी धार असं दिसलं की समजावं.

तिसरी धातूची. पितळ आणि तांबं लोहचुंबकाला चिकटत नाही. खाणकामगाराच्या हजेरीचा 'पितळी' बिल्ला चुंबकाला चिकटला, तर आत लोखंड आहे आणि वर मुलामा. बिल्ल्यांच्या बाबतीत आणखी एक: खरे बिल्ले ठोकलेल्या क्रमांकांचे असतात आणि अंक थोडे वाकडेतिकडे बसतात. दहा बिल्ले एकाच साच्यातले आणि क्रमांकही एकच असेल, तर ते कोलारमधून आलेले नाहीत, कालच्या कारखान्यातून आले आहेत.

चौथी हकीकतीची. कोणाच्या घरातून, कोणत्या गावातून, कोण वापरत होतं, त्या घरात तिला काय म्हणत. पहिल्या तीन कसोट्या वस्तू खोटी असेल तर पकडून देतात. ती खरी कशी, हे सांगायला चौथीच लागते.

माळ्यावर काय सापडेल

लाकडी धुण्याचं भांडं. ही सगळ्यात दुर्मिळ आणि सगळ्यात फसवी वस्तू, कारण ती हुबेहूब भाकरीच्या काथवटीसारखी दिसते. एकाच लाकडातून कोरलेली, उथळ, पसरट. पीठ मळलेल्या काथवटीचा तळ तेलातुपानं काळपट आणि मऊ झालेला असतो. वाळू धुतलेल्या भांड्याचं लाकूड पाण्यानं पांढुरकं पडतं, धागे वर येतात, आत बारीक ओरखडे असतात आणि पाणी सांडायची कड इतर कडांपेक्षा पातळ होते. तरीही नुसत्या डोळ्यांवर निकाल देऊ नये. एकच भांडं सकाळी नदीवर आणि संध्याकाळी चुलीपाशी वापरलेलं असू शकतं. गरिबाच्या घरात वस्तूला एकच काम नसतं.

काट्याची पेटी. लांबट लाकडी पेटी, आत नाजूक दांडी, दोन छोटी पारडी, वजनांसाठी कोरलेली घरं. वजनं त्या घरांत बरोबर बसतात का ते बघा. पुष्कळदा पेटी एकीकडची आणि वजनं दुसरीकडची असतात. सोबत गुंजांची थैली सापडली तर ती फेकू नका. १ गुंज म्हणजे साधारण ०.१२ ग्रॅम. मात्र सांभाळा: लाल-काळी ही बी सुंदर असली तरी विषारी असते. लहान मुलांच्या हाती लागता कामा नये.

कसोटी. काळा, बारीक पोताचा, हाताला गुळगुळीत दगड. त्यावर सोनं घासलं की रेघ उमटते, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढून रंग ताडतात. वर शोऱ्याचा तेजाब लावला की पितळेची रेघ विरघळते, चोख सोन्याची राहते. 'कसाला उतरणं' हा शब्द इथलाच. जुन्या कसोटीवर रेघा दिसल्या तर कृपा करून ती घासून धुऊ नका. त्या रेघा म्हणजे त्या सोनाराच्या हाताची शेवटची अक्षरं आहेत.

मूस, चिमटा, फुंकणी, भाता, टाकणखाराचा डबा. गलाईच्या आणि झारेकऱ्याच्या घरातली ही सामग्री. मुशीच्या आत काचेसारखा थर जमलेला दिसतो, तो टाकणखाराचा. इथे एक इशारा नीट ऐका. सोनं काढताना पारा वापरला जात असे, आणि जुन्या भांड्यांच्या भेगांत तो राहिलेला असू शकतो. अशी मूस किंवा ताटली 'चालते का बघू' म्हणून तापवू नका, स्वयंपाकघरात नेऊ नका. पाऱ्याची वाफ दिसत नाही आणि वासही येत नाही.

कागद. कंपनीच्या शेअरचा कागद भिंगाखाली धरा. जुन्या छपाईत रेघा अखंड असतात, आजच्या नकलेत रंगीत ठिपके दिसतात. सही शाईची आहे की छापलेली, घड्यांच्या खुणा खऱ्या आहेत का, रद्द केल्याची भोकं आहेत का, ते पाहा. रद्द केलेला कागद म्हणजे कमी दर्जाचा, असं समजू नका. उलट तो खरोखर कोणाच्या तरी हातून कंपनीत परत गेला होता, याची ती खूण असते.

पण आमच्या मते आपल्याकडचे खरे मोलाचे कागद वेगळेच आहेत. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं आणि १४ कॅरटपेक्षा जास्त कसाचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. देशभर सोनारांचे हात रिकामे झाले. सोनाराचं दुकान बंद म्हणजे झारेकऱ्याची राखही बंद. पुढे १९६८ चा कायदा आला, परवाने आले, प्रमाणित सुवर्णकाराचे दाखले आले, सोन्याच्या नोंदवह्या आल्या. १९९० मध्ये हा कायदा रद्द झाला आणि त्या वह्या निरुपयोगी ठरल्या. कितीतरी घरांत त्या अजून ट्रंकेच्या तळाशी असतील. रद्दीवाल्याला त्यांचे किलोवर पैसे मिळतात. इतिहासाला त्यांतून एका अख्ख्या पिढीचं पोट कसं चाललं ते कळतं. कोकणातल्या ज्या घरांतले कर्ते पुरुष मुंबईत सराफीच्या गल्ल्यांत कामाला होते, त्यांनी या गणपतीत घरी आल्यावर ट्रंका जरूर उघडाव्यात.

शेवटी चमकणारा दगड. कोणीतरी हमखास घेऊन येतो. माक्षिक, म्हणजे पायराइट, दिसायला सोन्यासारखं असतं. हातोडीनं हलकेच ठोका: सोनं चपटं होतं, माक्षिक फुटतं. खरबरीत पांढऱ्या फरशीच्या मागच्या बाजूला घासा: सोन्याची रेघ पिवळी, माक्षिकाची हिरवट काळी. आणि वाळूत चमचमतं ते बहुधा अभ्रक.

पथ्यं आणि कायदा

आता थोडं अवघड बोलतो. किल्ला म्हटला की खजिना आला, आणि खजिना आला की रात्रीची कुदळ आली. धातू शोधायची यंत्रं आता सहज मिळतात. सुवर्णदुर्ग हे केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, आणि जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूदृश्यं' या नावानं १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले त्यांत तो आहे. तिथे खणणं हा गुन्हा आहे. त्याहून वाईट म्हणजे ते वाचता येणारं पुस्तक फाडणं आहे. जमिनीतली वस्तू कोणत्या थरात, कशाच्या शेजारी पडली होती, यातच तिची हकीकत असते. उपटली की ती हकीकत कायमची गेली. हुट्टीसारख्या जुन्या खाणींच्या परिसरातले दगडातले खळगे, पाटे, घासण्याचे गोल गोटे यांनाही हेच लागू. ते पाहायचे, फोटो काढायचे आणि तिथेच ठेवायचे.

कायद्याचे दोन मुद्दे लक्षात ठेवा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत पुरलेलं १० रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते. ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकाला भेट म्हणून जुना काटा पाठवायचा विचार असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करावी.

आणि कायद्यात नसलेलं एक पथ्य. सोनझाऱ्याच्या, झारेकऱ्याच्या घरातली वस्तू घ्यायची तर चहाच्या पैशांत उचलून आणू नये. शहरात तिचं काय मोल होईल ते मोकळेपणानं सांगावं. द्यायची नसेल तर हट्ट करू नये. फोटो, मापं आणि माहिती घेऊन वस्तू तिथेच राहू द्यावी. 'केरातलं सोनं वेचणारे' म्हणून या माणसांना हिणवलं गेलं आहे. पुष्कळ घरांतल्या नव्या पिढीला ती ओळख नकोशी वाटते. त्यांच्या नावानिशी काही लिहायचं तर त्यांची परवानगी घेऊनच लिहायचं.

नोंद कशी करावी

पुण्यात दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास अडकित्ते, दिवे, दौती अशा रोजच्या वापरातल्या वस्तू जमवायला सुरुवात केली, त्यांचं आज राजा दिनकर केळकर संग्रहालय झालं आहे. घरातल्या साध्या वस्तूला संग्रहालयात मानाची जागा असू शकते हे त्यांनी महाराष्ट्राला दाखवलं. आपल्याला तेवढं मोठं काही करायचं नाही. एक वही पुरे.

प्रत्येक वस्तूला एक पान. वर क्रमांक आणि तोच क्रमांक वस्तूला दोऱ्यानं बांधलेल्या चिठ्ठीवर. वस्तूवर कोरायचा नाही, चिकटपट्टी लावायची नाही. मग लांबी, रुंदी, वजन. लाकूड कोणतं, धातू कोणता. कुठून आली, केव्हा आली. कोण वापरत होतं आणि कशासाठी. तुटली तेव्हा कशी सांधली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या घरात तिला कोणता शब्द होता. सोनझारी आणि झारेकरी यांच्या भांड्यांना, वाळूच्या थरांना, सोन्याच्या कणांच्या लहानमोठ्या आकारांना त्यांचे स्वतःचे शब्द होते. शब्दकोशांत ते क्वचितच सापडतात. म्हाताऱ्या माणसानं सांगितलेला शब्द जसा कानावर पडेल तसा लिहा, आपल्या शुद्धलेखनात बसवू नका. जमलं तर त्यांचाच आवाज फोनवर टिपून ठेवा.

वस्तू साफ करायच्या मोहात पडू नका. पितळ चिंचेनं घासलं की लखलखतं, आणि शंभर वर्षांची झीज पाच मिनिटांत निघून जाते. कोरड्या मऊ फडक्यानं पुसा, लाकूड उन्हात ठेवू नका. कोकणची दमट हवा लक्षात घेऊन कागद प्लास्टिकमध्ये कोंडू नका. सुती कापडात किंवा साध्या कागदात ठेवा आणि पावसाळ्यानंतर एकदा उघडून बघा.

मंडळी, सेव्हर्नड्रूगचा बुरूज उभा राहिला कारण कोणीतरी पैसे खर्चून तो बांधला. जालगारांचा बुरूज कोणी बांधणार नाही, सोनझाऱ्यांचा नाही आणि झवेरी बाजारातल्या घमेलावाल्याचाही नाही. त्यांच्यासाठी एक भांडं, एक चिठ्ठी आणि वहीतलं एक पान एवढंच होऊ शकतं, आणि ते तुमच्या-आमच्या हातात आहे. तेव्हा माळ्यावर, ट्रंकेत, देवघराच्या फडताळात एकदा बघा. काही सापडलं तर घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून लिहून ठेवा. वस्तू पुढच्या वर्षीही तिथेच असेल. तिची हकीकत सांगणारं माणूस असेलच असं नाही.

 प्रश्न असतील तर जरूर विचारा.